४८ हजार किलोमीटर चाललेली डिझेल की ९२ हजार चाललेली पेट्रोल? कोकणात जुनी गाडी घेताना

तुमचा प्रश्न असा: रत्नागिरीपासून पंधरा-वीस किलोमीटरवर गाव. घरात आई-वडील, तुम्ही दोघं आणि मुलगी. रोज शाळा-ऑफिसची मिळून बारा किलोमीटरची फेरी, महिन्यातून एकदा आंबा घाट चढून कोल्हापूर. बजेट चार लाख. एकीकडे पुण्याच्या दलालाकडची २०१५ ची डिझेल स्विफ्ट, चाललेली ४८ हजार किलोमीटर. दुसरीकडे वाडीतल्याच निवृत्त मास्तरांची त्याच साली घेतलेली पेट्रोल वॅगन-आर, चाललेली ९२ हजार. इंजिनाची कटकट कमीत कमी हवी, तर कुठली घ्यावी?

मी मास्तरांची घेईन. का, ते सांगायला थोडा वेळ लागेल, कारण हे शहाणपण मला ३८ हजार रुपयांना पडलं आहे.

मी लांज्याचा. २०१८ साली पहिली जुनी गाडी घेतली तीही अशीच, मीटरवरचा आकडा बघून. ५१ हजार किलोमीटर, पांढरीशुभ्र, आतून तर नवरीसारखी नटवलेली. पहिले दोन महिने मजेत गेले. मग मे महिन्यात चार माणसं आणि आंब्याच्या सहा पेट्या घेऊन कोल्हापूरला निघालो. साखरप्यापर्यंत सगळं ठीक. घाट अर्धा झाला आणि टेंपरेचरचा काटा चढायला लागला, एसीतून गरम हवा यायला लागली. बायको म्हणाली, थांबव. मी म्हटलं, एवढी दोन वळणं चढू दे. तिथेच माती खाल्ली. वर पोचेपर्यंत बॉनेटमधून वाफ आणि इंजिन बंद. हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) उडालं होतं, हेड वाकलं होतं.

मेकॅनिकने रेडिएटरमधलं पाणी बाटलीत काढून दाखवलं, तर टपरीवरचा चहा बरा. आधीच्या मालकाने इंजिन थंड ठेवणारं कूलंट कधी घातलंच नव्हतं, कमी झालं की विहिरीचं पाणी ओतायचं. क्षार आणि गंज बसून आतल्या नळ्या अर्ध्याअधिक बुजलेल्या. सपाट रस्त्यावर असलं दुखणं कळत नाही, भरलेल्या गाडीने घाट चढताना कळतं. हेड उतरवणं, ते घासून सपाट करणं (फेसिंग), गॅस्केट, नवीन रेडिएटर आणि मजुरी धरून ३८ हजार. आंबे फुकट गेले ते वेगळे.

तेव्हापासून माझा क्रम उलटा झाला. आधी मेकॅनिक ठरवायचा, मग त्याच्या हातात बसलेलं इंजिन, आणि त्यानंतर गाडी. पुण्या-मुंबईत याची गरज नसेल. आपल्याकडे कंपनीची वर्कशॉपं मोठ्या गावांतच, आणि जुलैच्या पावसात राजापूरच्या पुढे गाडी बंद पडली की जो नाक्यावर भेटेल तोच देव. ज्या इंजिनाचा पार्ट कोल्हापूरहून एसटीच्या पार्सलने मागवावा लागतो, त्याची गाडी कितीही छान असली तरी आठ दिवस पडवीत उभी राहते. आमच्या मेकॅनिकला सगळे मामा म्हणतात. गाडी बघायला जाण्याआधी मी त्यांना एकच विचारतो, "मामा, हे इंजिन तुम्ही किती वेळा उघडलंय?" ते डोकं खाजवायला लागले की ती गाडी बाद.

या कसोटीला तुमच्या दोन्ही गाड्या उतरतात, हे खरं. वॅगन-आरचं एक लिटरचं के-सिरीज इंजिन कुठल्याही गॅरेजवाल्याला पाठ असतं. स्विफ्टमधलं १२४८ सीसीचं डिझेल मुळात फियाटचं; डिझायर, रिट्झ, अर्टिगा, शिवाय टाटाच्या व्हिस्टा-मांझामध्येही तेच, त्यामुळे पार्ट अजून मुबलक. मारुतीने २०२० मध्ये बीएस-६ हे धुराचं कडक प्रमाण आलं तेव्हा डिझेल बंद केलं, पण इंजिन वाईट म्हणून नव्हे. रोज कणकवली ते पणजी करणारा कोणी असता, तर मी त्याला तेच सुचवलं असतं.

तुमची फेरी मात्र एका बाजूला सहा किलोमीटरची. डिझेल इंजिन सावकाश तापतं. ते जेमतेम गरम होतं आणि तुम्ही शाळेच्या फाटकाशी पोचलेले असता. असं रोज झालं की ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) आणि हवा आत घेणाऱ्या इनटेकमध्ये काजळी साठत जाते, पिकअप मरतो, धूर वाढतो. त्या इंजिनात टायमिंग चेन (व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करवणारी साखळी) आहे, बेल्टसारखी ठरावीक किलोमीटरला बदलायची नाही, हे चांगलंच. पण चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. ज्याने ऑइल वेळेवर बदललं नाही त्याच्या गाडीत सकाळच्या पहिल्या स्टार्टला खडखड ऐकू येते, आणि तो खर्च मोठा. वर टर्बो आहे, इंजेक्टर आहेत. एकेकाला हात लावायचा म्हणजे हजारांत बोलावं लागतं. (बीएस-६ डिझेल कोणी गळ्यात मारत असेल तर तुमच्यासाठी ते आणखी वाईट. त्यात डीपीएफ असतो, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी. ती जळून साफ व्हायला गाडी हायवेवर सलग पळावी लागते. बारा किलोमीटरच्या फेऱ्यांत ती तुंबते.)

दुसरं, डिझेल घेतं कोण? ज्याला भरपूर पळायचं असतं तो. अशा माणसाची गाडी इतक्या वर्षांत ४८ हजारच चालली, तर एक तर मीटर मागे फिरवलंय, नाहीतर गाडी उभीच होती. पहिल्याचा शोध सोपा आहे. गाडीचा नंबर घेऊन कंपनीच्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिसचा इतिहास विचारा, तारखेसमोर किलोमीटर असतात. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात, ते बघा. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. ४८ हजारांत टायरचा तिसरा संच लागला असेल तर समजून जा.

गाडी उभी होती हे मात्र लोकांना गुण वाटतो. "फक्त गणपतीला आणि मे महिन्यात काढायचो हो," असं चाकरमानी मोठ्या अभिमानाने सांगतात. अशी गाडी मी चुलत्याच्या खळ्यात दहा महिने ताडपत्रीखाली बघितली आहे. इंजिन फिरत नाही म्हणून ऑइल खाली बसून राहतं, सील सुकतात, बॅटरी मरते, ब्रेक डिस्कवर गंज चढतो. ऑइल वर्षातून एकदा बदलायचं असतं, गाडी हजारच किलोमीटर चालली असली तरी. पण "चाललीच नाही, कशाला बदलू" म्हणून तेच तीन वर्षं राहतं. आणि पावसात उंदरांना बॉनेटखालच्यासारखी कोरडी जागा दुसरी नाही. चुलत्यांच्या गाडीत एअर फिल्टरच्या डब्यात गवताचं घरटं निघालं, पिल्लांसकट, आणि सेन्सरच्या तीन वायरी कुरतडलेल्या. रोज थोडी थोडी चाललेली ९२ हजारांची गाडी मला यापेक्षा केव्हाही बरी.

टायमिंग बेल्टचं एक सांगून ठेवतो, कारण दोन्ही सौदे फिसकटले तर तुम्ही इतर गाड्या बघाल. जुनी इनोव्हा, डिझेल डस्टर, १.१ लिटरवाली आय-टेन यांत बेल्ट असतो. तो बदलल्याची पावती मागा. तोंडी शब्दावर जाऊ नका. बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आपटून व्हॉल्व्ह वाकतात आणि इंजिन उघडावंच लागतं. पावती नसेल तर बेल्ट बदलायचा खर्च किमतीतून कापून घ्या.

आता पुराचं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते आपण सगळ्यांनी बघितलंय. महाडलाही तेच झालं. अशा गाड्या विम्यात टोटल लॉस होऊन लिलावात जातात, धुऊन-पुसून दूर कुठेतरी विकल्या जातात. म्हणून एमएच-०८ (रत्नागिरीचा नंबर) बघून घाबरायचं आणि घाटावरची म्हणून निर्धास्त राहायचं, असं करू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीही पाण्यात होतं. तुमची पुण्याची स्विफ्ट त्या काळात कोणाच्या नावावर, कुठल्या गावात होती आणि विम्याचा क्लेम झाला होता का, एवढं तरी विचारा. बुडालेली गाडी उभी असताना कोणी सेल्फ मारला असेल तर सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दबत नाही, त्याऐवजी कनेक्टिंग रॉड वाकतो. तशी गाडी दुरुस्त होऊन चालतेही, आणि मग एक दिवस साथ सोडते. ओळखायची खूण: सीट बेल्ट अगदी शेवटपर्यंत ओढून काढा. वरचं कापड धुतलेलं असतं, गुंडाळीच्या आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते. स्टेपनीची खळगी, सीटच्या रुळांचे स्क्रू आणि डॅशबोर्डखालचे कनेक्टर हिरवे पडलेत का, तेही बघा.

गंज तर आपल्या पाचवीला पुजलेला. खारं वारं पत्रा खातं हे दिसतं, पण इंजिनाच्या बाजूने बघायची ठिकाणं वेगळी. गाडी रॅम्पवर घ्या. ऑइल चेंबरचा पत्रा खालून पोपडे धरून असेल तर लवकरच गळणार. रेडिएटर आणि एसी कंडेन्सरच्या जाळीवर बोट फिरवा. भुगा हातात आला तर नवीन घालायची तयारी ठेवा. बॅटरीपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी खाल्लेली असेल तर गाडी नाही नाही ते लाइट दाखवते आणि अनाडी मेकॅनिक सेन्सर बदलत बसतो. मास्तर नातवंडांना घेऊन गाडी किनाऱ्यावरच्या वाळूत न्यायचे का, तेही गप्पांच्या ओघात काढून घ्या.

वॅगन-आरच्या उण्या बाजूही आहेत. पाच माणसं आणि सामान घेऊन आंबा घाट म्हणजे दुसरा गिअर आणि एसी बंद. ते सोसायची तयारी हवी. शिवाय इतकी जुनी पेट्रोल गाडी २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल धरून बनवलेली नाही. मायलेज थोडं पडेल, आणि पेट्रोलच्या रबरी नळ्या कडक झाल्यात का, जोडाशी वास येतो का, हे मामांसारख्या माणसाकडून एकदा तपासून घ्या. नोंदणीची पंधरा वर्षं २०३० ला संपतील, पुढे फिटनेस करून पाच वर्षं वाढवता येते. सौदा ठरवताना हे मास्तरांसमोर बोला, दोन पैसे कमी होतील.

बघायला सकाळी जा, आणि गाडी थंड असताना. पोचल्यावर आधी बॉनेटला हात लावा. कोमट लागलं तर चहा पिऊन परत या, दुसऱ्या दिवशी जा. थंड असेल तर रेडिएटरचं झाकण उघडून बोट बुडवा (गरम इंजिनावर हे चुकूनही करू नका). हिरवं किंवा लालसर कूलंट दिसलं तर बरं, गढूळ पाणी दिसलं तर माझे ३८ हजार आठवा. ऑइलची पट्टी काढून पुसून परत बघा. ऑइल भरायच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली तर लगेच घाबरू नका, आपल्या दमट हवेत छोट्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत थोडी येते. तशीच साय पट्टीवरही असेल, किंवा कूलंट सारखं कमी होत असेल, तर मात्र गॅस्केट गेल्याची शंका घ्या.

मग सेल्फ मारा आणि बाहेर येऊन मागे उभे राहा. निळा धूर म्हणजे ऑइल खाते. पांढरा धूर थंडीत क्षणभर येईल, दहा मिनिटांनीही राहिला तर पाणी जळतंय. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण ढिलं करून बघा. फुसफुस जोरात आली तर बॅक कॉम्प्रेशन आहे, इंजिन आतून झिजलंय. एसी लावून पंधरा मिनिटं जागेवर ठेवा, रेडिएटरचा पंखा सुरू होऊन बंद व्हायला हवा. शेवटी सगळ्यांना बसवून निवळीच्या चढणीला एक चक्कर. इंजिन ओरडतंय पण गाडी ओढत नाही असं झालं तर क्लच प्लेट गेली. शक्य असेल तर मेकॅनिकचा स्कॅनर लावा. दलालाकडच्या गाडीत एरर कालच पुसलेले असतात, पण ते पुसल्याचंही स्कॅनरवर कळतं.

चार लाखांतले वीस-पंचवीस हजार बाजूला ठेवा. नावावर झाल्याच्या आठवड्यात ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट, गिअर ऑइल, प्लग, सगळं एकदम बदला आणि तारीख वहीत लिहा. मास्तरांकडे अशी वही असेल तर ती गाडीसोबत मागून घ्या, आरसी बुकाइतकीच महत्त्वाची आहे.

आदल्या रात्री मास्तरांना फोन करून सांगा, सकाळी मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. का म्हणून विचारतील. खरं कारण सांगा. मास्तर आहेत, विद्यार्थी अभ्यास करून आला याचं त्यांना बरंच वाटेल.