लॉजच्या जागेवरची बाग जाते आहे, आप्पांना कसं सांगू?

‘आम्ही कॅलिफोर्नियात राहतो. सासूबाई गेल्यावर सासरे कायमचे आमच्याकडे आले. गावातल्या एका लॉजच्या, म्हणजे एका जुन्या संस्थेच्या सभागृहाच्या, मागच्या जागेत सामुदायिक बाग आहे. तिथे गेली नऊ वर्षं आप्पांचा वाफा आहे. अळू, दोडका, अंबाडी आणि कमरेएवढं कढीपत्त्याचं झाड. आता लॉजवाले जागा विकणार आहेत. ऑगस्टअखेर वाफे रिकामे करा, असं पत्र आलं आहे. आप्पांना अजून सांगितलेलं नाही. काय करू?’

आधी आप्पांना सांगा. आजच सांगा, बाकीचं नंतर. त्यांना हे बागेतल्या कुणाकडून अर्धवट कळलं, तर घरच्यांनी आपल्यापासून लपवलं हे त्यांना जागा जाण्याहून जास्त लागेल. उतारवयात परक्या मातीत ज्यांनी अळू रुजवला, त्यांना ही बातमी पेलेल.

आता लॉजबद्दल. नऊ वर्षांत तुमच्या घरातलं कुणी त्या इमारतीच्या आत गेलं आहे का? बहुधा नसेल. आपण मागच्या फाटकाने जातो, पाणी घालतो आणि परत येतो. एल्क्स, ऑड फेलोज, मूस, फ्रीमेसन या सगळ्या बंधुभावाच्या जुन्या संस्था; त्यांच्या गावोगावच्या शाखेला आणि तिच्या इमारतीला लॉज म्हणतात. मुंबईत फोर्टला फ्रीमेसन्स हॉल आहे, तो याच कुळातला. एल्क्सची सुरुवात १८६८ साली न्यूयॉर्कला झाली. १९७०च्या दशकात त्यांचे सभासद सोळा लाखांच्या आसपास होते, आता त्याच्या निम्मेच उरले आहेत. बाकीच्यांचंही फार वेगळं नाही. छप्पर गळतं, विम्याचा हप्ता वाढतो, वर्गणी देणारे म्हातारे होतात, आणि एक दिवस जमीन विकायला काढावी लागते. त्या सभागृहात बसलेली बरीचशी माणसं आप्पांच्याच वयाची असतील. त्यांचीही बसाउठायची जागा जाते आहे. त्यांच्यावर चिडून तुमच्या हाती काही लागणार नाही.

अशा बहुतेक संस्थांत जमीन विकायची तर सभासदांचं मत घ्यावं लागतं, पुष्कळदा वरच्या ग्रँड लॉजची, म्हणजे मध्यवर्ती संस्थेची, मंजुरीही लागते. हे एका दिवसात होत नाही. म्हणून बागेच्या समितीने लॉजच्या सचिवांना भेटून दोनच गोष्टी विचाराव्यात: मतदान झालं का, आणि व्यवहार पुरा कधी होणार? मग लेखी विनंती करा की नोव्हेंबरअखेरपर्यंत राहू द्या. सोबत वाफे मोकळे करून देण्याची पक्की तारीख आणि तोवरच्या विम्याची हमी द्या. तुमचा मूळ कागदही काढून बघा. तो भाडेकरार आहे की नुसता वापरण्याचा परवाना? परवाना असेल तर तो बहुधा थोड्या दिवसांच्या सूचनेवर रद्द होतो, आणि बहुतेक बागांकडे परवानाच असतो. करार असेल तर वकिलाला दाखवा.

बाग वाचेल का? कधी कधी वाचते. सिअ‍ॅटलच्या बॅलर्ड भागातली बाग चर्चच्या जमिनीवर होती. चर्चने ती विकायला काढल्यावर बागकऱ्यांनी निधी जमवला, सरकारी मदत मिळवली आणि जमीन राखली. न्यूयॉर्कमध्ये १९९९ साली शहराने शंभराहून जास्त बागा लिलावात काढल्या होत्या, त्या सेवाभावी संस्थांनी विकत घेतल्या. पण लॉस एंजेलिसच्या साउथ सेंट्रल फार्मवर सुमारे साडेतीनशे कुटुंबं कसत असलेली चौदा एकर जमीन २००६च्या जूनमध्ये रिकामी करून घेतली गेली. माणसं जिवाच्या आकांताने लढली होती, तरीही. म्हणून लढायचं असेल तर जरूर लढा, पण नवी जागा शोधायला त्याच आठवड्यात लागा. कॅलिफोर्नियात २०१३चा एक कायदा आहे. ज्या शहरांनी आणि काउंटींनी तो स्वीकारला आहे, तिथे रिकामा भूखंड किमान पाच वर्षं शेतीला दिला, तर मालकाचा मालमत्ता कर कमी होतो. भूखंड ०.१ ते ३ एकरांचा हवा. मोकळी जमीन पडून असलेल्या मालकाकडे जाताना ही माहिती सोबत न्या.

आणि झाडं. कढीपत्त्याची घाई करू नका. लिंबूवर्गीय झाडांत रोग पसरवणारा एक बारीक किडा कढीपत्त्यावरही वाढतो, त्यामुळे कॅलिफोर्नियाच्या बऱ्याच भागात ते रोप एका ठिकाणाहून दुसरीकडे नेण्यावर निर्बंध आहेत. आधी काउंटीच्या कृषी आयुक्तांच्या कार्यालयात फोन करा. नेता येत नसेल तर ते तिथेच सोडावं लागेल, आणि हे आप्पांना सगळ्यात जड जाईल. त्यांना त्या झाडापाशी थोडा वेळ एकटं बसू द्या. अळूचे कंद उकरून कुंडीत लावता येतात. दोडक्याची दोन चांगली फळं वेलावरच पूर्ण वाळू द्या, बी त्यातूनच मिळेल. अंबाडीला बोंडं उशिरा धरतात. नोव्हेंबर मागायला मी सांगितलं ते यासाठीच.

सचिवांना भेटायला जाताना आप्पांना बरोबर घ्या. भाषेची काळजी करू नका, तुम्ही सांगत जा. आणि त्यांच्या वाफ्यातल्या पानांची अळूवडी करून न्या. नऊ वर्षं लॉजच्या जमिनीत वाढलेलं पान लॉजवाल्यांनी अजून चाखलेलं नसेल.