तीर्थन नदीत ट्राउट मिळेल का?

प्रश्न: मे महिन्यात हिमाचलला तीर्थन खोऱ्यात जातोय, ब्राउन ट्राउट गळाला लागेल का?

उत्तर: लागेल की! पण मेमध्ये बर्फ वितळून नदी फुगते, पाणी गढूळ होतं, त्यामुळे जमलं तर मार्च-एप्रिल किंवा पावसाळ्यानंतर ऑक्टोबर बघा. १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर बंदी असते कारण तेव्हा मासा अंडी घालतो, आणि मत्स्य विभागाचं लायसन्स काढल्याशिवाय दोरी पाण्यात टाकूच नका. हा मासा तोंड प्रवाहाकडे करून दगडाआड थांबतो, म्हणून प्रवाहाच्या खालच्या बाजूने, त्याच्या मागून दबकत जा, सावली पाण्यावर पडू देऊ नका. ब्रिटिशांनी आणलेला मासा आता तिथे स्वतःच वाढतोय, तेव्हा प्लीज उलटा काटा नसलेला गळ वापरा आणि पकडलेला मासा परत पाण्यात सोडताना आधी हात ओले करा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो.