आतलं कोण बघतंय?

प्रश्न : काका, माझी जुनी पेट्रोल हॅचबॅक नॅशनल रेसिंगच्या स्टॉक गटात (कंपनीतून आली तशीच, फेरफार न केलेल्या गाड्यांच्या गटात) उतरवायची आहे. इंजिनाचं थोडं काम करून घेऊ का? इथला वेल्डर साध्या पाइपचा केज (गाडी उलटली तर आतल्याला वाचवणारा सांगाडा) चार हजारांत करतो म्हणतोय. चालेल?
– एक वाचक, सेलू

उत्तर : वेल्डरला आधी नको म्हण. पाण्याचा पाइप मार बसला की चेपतो आणि खाली तुझं डोकं असतं. आंतरराष्ट्रीय नियमांत केजच्या, सीटच्या पाठीमागच्या मुख्य कमानीला कोल्ड ड्रॉन सीमलेस (थंड ओढलेली, बिनजोडाची) नळी लागते : ४५ मिमी व्यासाला अडीच मिमी जाडी, नाहीतर ५० मिमीला दोन. वाकवायची तर वळणाची त्रिज्या व्यासाच्या तिप्पट तरी हवी. डोकं आपटेल तिथं पॅडिंग.

आता 'थोडं काम'. मीही तेच केलं होतं. वाळूजला गॅरेज टाकून चार वर्षं झालेली, अंगात मस्ती. इंजिनाच्या हेडचे पोर्ट, म्हणजे हवा आत-बाहेर जायच्या वाटा, रात्रभर बसून काचेसारखे घासले. आतलं कोण बघतंय? शर्यतीत तिसरा आलो. हातातला चहा संपायच्या आत तपासनीस म्हणाले, हेड उतरवा. माझ्याच पान्यांनी मीच उतरवलं. त्यांनी आत बोट फिरवलं न् मी बाद.

ग्रुप एन, म्हणजे आंतरराष्ट्रीय नियमांतला कंपनीच्या गाड्यांचा गट, त्याचं मूळ ऐक. बारा महिन्यांत एकसारख्या २,५०० गाड्या बनल्या तरच ते मॉडेल त्यात बसतं. आणि नियमांच्या पुस्तकात 'हे करता येईल' असं लिहिलेलं नसेल तर ते करायचंच नाही. 'मनाई कुठं लिहिलीय?' हा वाद तिथं चालत नाही. झिजलेला पार्ट बदल, पण हुबेहूब कंपनीचाच. आपल्याकडच्या गटांचे नियम एफएमएससीआयचे, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेचे. लायसन्सही त्यांचंच काढावं लागतं. तुझ्या गटाची यंदाची नियमावली हातात येईपर्यंत पान्याला हात लावू नकोस.

आणि ट्रायल म्हणून रात्री बीड बायपासला गाडी पळवू नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पळवायचीच तर चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर, नाहीतर कोइम्बतूरला कारी स्पीडवेवर. सेलूहून लांब पडतं, खरंय. मी गाडी न्यायला एका ट्रकवाल्याला नुसत्या डिझेलवर पटवलं होतं. परतताना तो सोलापूर येईपर्यंत एकच विचारत होता, तिसरा आलास तर कप कुठंय?