रात्रीचे आकाश आणि एका इंजिनाचे विमान

प्रश्न : आमचा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेत असतो. त्याने अलीकडेच खासगी वैमानिकाचा परवाना मिळवला असून, आम्ही दोघे त्याच्याकडे गेलो की क्लबच्या चार आसनी विमानातून रात्री फिरवून आणण्याचा त्याचा बेत आहे. प्रवासी विमानेही रात्री उडतातच, असे तो म्हणतो. आम्ही जावे काय?
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : मुलाचे म्हणणे खोटे नाही, पण अपुरे आहे. आपल्या सोनेगावच्या धावपट्टीवर रात्री उतरणारे मोठे प्रवासी विमान किमान दोन इंजिनांचे असते, त्यात दोन वैमानिक असतात आणि बाहेर काही दिसो वा न दिसो, ते उपकरणांच्या आधारे चालवले जाते. मुलाच्या विमानात बहुधा इंजिन एक आणि वैमानिकही एकच असेल. त्यातच, साधा खासगी परवाना हा बाहेर पाहून विमान चालवण्याचा असतो. अमेरिकेत रात्रीचे तीन तासांचे प्रशिक्षण आणि दहा वेळा उड्डाण करून उतरणे एवढ्यावर त्याच परवान्याने रात्री उडता येते. भारतात मात्र सूर्यास्तानंतर केवळ नजरेच्या भरवशावर उडण्यास, हवाई वाहतूक नियंत्रणाने स्थानिक उड्डाणांना दिलेली सूट वगळता, मनाई आहे. आणि आमच्या मते आपल्याकडचा हा नियमच शहाणपणाचा आहे.

सर्वांत मोठे भय क्षितिज हरवण्याचे. उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलावरून अमावास्येच्या रात्री उडणाऱ्याला खाली दिवा नाही आणि वर धुरकट आकाश, अशा स्थितीत जमीन कुठे संपते हे कळत नाही. विमान हळूहळू एका बाजूला कलून वळू लागले की कानाच्या आतील अर्धवर्तुळाकार नलिकांतला द्रव सुरुवातीला ते वळण सांगतो. पण वळण तसेच चालू राहिले, तर सुमारे वीस सेकंदांत तो द्रव नलिकेच्याच वेगाने फिरू लागतो आणि आपण सरळ चाललो आहोत असे शरीर ठामपणे सांगते. अशा वेळी वैमानिकाने विमान खरोखर सरळ केले, तर आपण उलट बाजूला वळलो असे त्याला वाटते आणि तो पुन्हा जुन्याच वळणात जातो. विमानाचे नाक खाली जाते, वेग वाढतो, उंची घटते आणि घाबरून नाक वर घेण्यासाठी दांडा मागे ओढला की वळण अधिकच आवळते. १९५४ मध्ये अमेरिकेच्या इलिनॉय विद्यापीठात उपकरणांवर उडण्याचा सराव नसलेल्या २० वैमानिकांना बाहेरचे काही दिसणार नाही अशी व्यवस्था करून उडवले गेले. विसांचेही विमान धोकादायक स्थितीत गेले आणि त्याला सरासरी १७८ सेकंद लागले.

१६ जुलै १९९९ च्या रात्री अमेरिकेचे दिवंगत राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे पुत्र जॉन एफ. केनेडी कनिष्ठ, त्यांच्या पत्नी आणि मेहुणी यांचा, केनेडी स्वतः चालवत असलेले विमान अमेरिकेतील मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळ समुद्रात कोसळून मृत्यू झाला, तोही असाच. हवा धुरकट होती, खाली काळे पाणी होते आणि उपकरणांवर उडण्याची पात्रता केनेडींनी मिळवलेली नव्हती. तपास यंत्रणेने दिशाभ्रमामुळे विमानावरील ताबा सुटल्याचे कारण नोंदवले.

इंजिन बंद पडण्याचा प्रश्न वेगळा आहे. दिवसा वैमानिक एखादे मोकळे शेत हेरतो. रात्री शेत, विहीर आणि विजेच्या तारा सारख्याच काळ्या दिसतात. हे नागपूरने पाहिले आहे. १९४९ पासून चार महानगरांची रात्रीची टपाल विमाने इथे एकत्र येत. त्यांपैकी एक डाकोटा १२ डिसेंबर १९५३ च्या पहाटेपूर्वीच्या अंधारात, उड्डाणानंतर लगेच इंजिनाची शक्ती गेल्याने कोसळले आणि १३ जण दगावले. त्या विमानाला तर दोन इंजिने होती.

तेव्हा मुलाला रागावू नका, पण स्पष्ट विचारा की उपकरणांवर उडण्याची पात्रता, म्हणजे इन्स्ट्रुमेंट रेटिंग, त्याच्याकडे आहे काय आणि त्याचा सराव ताजा आहे काय. प्रवासी घेऊन रात्री उडायचे तर मागील ९० दिवसांत रात्री तीन वेळा उड्डाण करून उतरलेले असावे, असा तिकडचा नियम आहे. तो धावपट्टीवर उतरण्यापुरता सराव पाहतो, क्षितिज हरवल्यावर काय होईल ते पाहत नाही. पात्रता नसेल, तर दुपारी स्वच्छ हवेत त्याच्याबरोबर अवश्य जा. पात्रता असली, तरी चांदणी रात्र निवडा, वस्तीवरूनच फिरा आणि हवा धुरकट दिसली तर बेत रद्द करण्याचे त्याच्याकडून आधीच कबूल करून घ्या, कारण आई-वडील एवढ्या लांबून आले आहेत या विचाराने त्याला ऐन वेळी नाही म्हणणे जड जाईल.