जुन्या स्प्लेंडरचं मागचं चाक हलतंय, चिमटा आणि चाक दोन्ही बदलायला लागेल का?

भाऊ, लगेच काही बदलू नका. तुम्ही लिहिलंय की गाडी २००२ ची आहे, चाळीसच्या पुढं गेली की मागून डोलते, उभी करून चाक हलवलं तर टक टक वाजतं, आणि गॅरेजवाला म्हणतो चिमटा (मागचं चाक धरणारा दोन फाट्यांचा लोखंडी हात, स्विंगआर्म) बदला, चाक बदला. पण नेमकं काय हलतंय हे त्यानं तुम्हाला दाखवलं का? चाक ढिलं म्हणजे कुठल्यातरी दोन पार्टच्या मधे प्ले, म्हणजे ढिलेपणा, आलाय, ती जागा सापडली की काम बहुतेक वेळा बेअरिंग नाहीतर बुश (बोल्टभोवती बसणारी छोटी नळी) एवढ्यावर येतं, आणि ती जागा तुम्ही घरच्या अंगणात अर्ध्या तासात शोधू शकता.

गाडी डबल स्टँडवर घ्या, मागचं चाक जमिनीला टेकता कामा नये. एकाला पुढून हँडल धरायला सांगा. आता एका हाताने टायर वरच्या बाजूला धरून आत बाहेर हलवा, आणि दुसऱ्या हाताची बोटं ॲक्सलजवळ (चाकाच्या मधून जाणारा दांडा) अशी ठेवा की एक बोट चिमट्यावर आणि एक हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या फिरणाऱ्या भागावर, टेकेल. डोळ्याला हे हलणं दिसत नाही पण बोटाला लगेच कळतं. चाक हललं आणि चिमटा जागेवर राहिला तर दोष ॲक्सल किंवा बेअरिंगमधे. चाकाबरोबर चिमटाही हलत असेल तर बोट पुढं न्या, चिमट्याचा बोल्ट चेसिसमधे जातो तिथं, आणि परत हलवा. तिथं टक लागली तर चिमट्याचे बुश गेलेत. बुश गेले म्हणजे चिमटा गेला असं नाही, तुमच्या गाडीत रबरी बुश असतात, ते प्रेसवर काढून नवीन बसवता येतात, चिमटा वाकला किंवा वेल्डिंग फुटलं असेल तरच बदलायचा.

तुमच्या केसमधे टक वाजतंय त्यामुळं मला बेअरिंगचा संशय जास्त आहे, पण त्याच्याही आधी ॲक्सलचा नट बघा, खूप वेळा पंक्चर काढल्यावर तो नीट आवळलेलाच नसतो. स्प्रॉकेटच्या (चेन बसते त्या दातेरी चक्राच्या) बाजूला स्लीव्हचा वेगळा मोठा नट असतो तो पण बघा, चाक घट्ट आणि तो ढिला असं होतं. आणि ब्रेक प्लेटपासून (ब्रेकच्या ड्रमवरचं न फिरणारं झाकण) चिमट्याला जाणारी पट्टी आहे ना, तिचे नट आणि स्प्लिट पिन जागेवर आहेत का ते आजच बघा. ती पट्टी सुटली तर ब्रेक मारल्यावर अख्खी प्लेट चाकाबरोबर फिरते आणि चाक जागेवर जाम होतं. पिन नसेल तर गाडी हलवू नका, आधी पिन आणा, मग बाकीचं.

आता बेअरिंगचं जरा सविस्तर सांगतो कारण आमच्या घरात हे घडलेलं आहे. वडिलांची हिरो होंडा सीडी १०० होती, मागची बेअरिंग एका गॅरेजमधे बदलली. दोन दिवसांनी चाक जड फिरायला लागलं, परत नेली तर त्या माणसाने ॲक्सलचा नट अर्धा आटा सैल केला, चाक भिंगरीसारखं फिरलं आणि म्हणाला झालं काम. महिन्याभराने वडील वणीहून दिंडोरीमार्गे येत होते, मागं आई बसलेली, आणि एका वळणावर गाडी मागून अशी गेली की कुणीतरी शेपूट धरून ओढावं. पडले नाहीत. मी घरी चाक उघडलं तर एका बेअरिंगची जाळी (गोळ्या वेगळ्या ठेवणारी कडी) तुटून तिचे तुकडे ग्रीसमधे पडलेले, आणि दोन्ही बेअरिंगच्या मधे जो नळीसारखा स्पेसर असतो तो नव्हताच! जुनी बेअरिंग ठोकून काढताना तो बाहेर पडला असणार आणि परत घालायचा राहिला.

ती नळी साधी दिसते पण सगळा खेळ तिचा आहे. नट आवळला की दाब बेअरिंगच्या आतल्या रिंगवरून त्या नळीवर जातो आणि तिथंच थांबतो. नळी नसेल तर दोन्ही आतल्या रिंगा एकमेकीकडे ओढल्या जातात, गोळ्या बाजूनं दाबल्या जातात, म्हणून चाक जड होतं. सैल केला की हलकं फिरतं, पण मग ॲक्सल धरून ठेवणारं काही उरत नाही. त्यामुळं कुणी नट सैल करून चाक मोकळं करून दिलं तर त्याला चाक उघडायला लावा आणि नळी स्वतःच्या डोळ्यानं बघा.

बेअरिंग बाहेर काढलं की आतली रिंग बोटावर घेऊन हळू फिरवा. वाळूचा कण अडकल्यासारखं खरखर लागलं तर ते गेलं, ग्रीस भरून परत बसवू नका. नंबर त्याच्यावरच कोरलेला असतो, आमच्या गाडीत ६३०१ निघालं, म्हणजे १२ मिमी भोक, बाहेरून ३७ मिमी, जाडी १२ मिमी. दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलं मागा, पाणी आत जायला वेळ लागतो. बसवताना ठोकायचं ते फक्त बाहेरच्या रिंगवर, त्याच मापाचा सॉकेट ठेवून, आतल्या रिंगवर हातोडा पडला की नवीन बेअरिंग तिथंच खराब. आणि स्प्रॉकेट ज्या फ्लँजवर, म्हणजे चाकाला लागून असलेल्या तबकडीवर, बसतं तिच्यात वेगळं तिसरं बेअरिंग असतं, ते बदलायचं बरेच जण विसरतात. स्प्रॉकेट धरून आत बाहेर हलवून बघा. पुढं मागं थोडं फिरेल, ते आतल्या धक्के झेलणाऱ्या ड्रम रबरामुळं, तेवढं चालतं, पण आडवं हलता कामा नये.

हे सगळं घट्ट निघालं तर चाकाच्या तारा, म्हणजे स्पोक, बघा. चाक फिरवत एकेका तारेवर पान्याने हलकं वाजवा, घट्ट तार टणकन वाजते आणि ढिली नुसती थप करते. चिमट्याला पेन टेकवून रिमच्या जवळ धरा आणि चाक फिरवा, फट एकीकडं कमी एकीकडं जास्त झाली तर चाकात आऊट आहे, म्हणजे रिम वाकडी फिरतेय, तो तारा आवळून निघतो. तारा स्वतः आवळत बसू नका, एक जास्त आवळली की रिम दुसरीकडं जाते, ते काम हात बसलेल्या माणसाचं. टायरमधली हवा पण चेक करा, कमी हवेवर गाडी अगदी अशीच डोलते.

चाक परत लावताना ते सरळ बसावं म्हणून चिमट्यावर ज्या खुणा असतात त्यांच्यावर पूर्ण भरवसा ठेवू नका, इतक्या जुन्या गाडीत त्या घासलेल्या असतात आणि चेन आवळायचे ॲडजस्टर वाकलेले असतात. मी एक सरळ काठी घेतो, चिमट्याच्या बोल्टच्या मध्यापासून ॲक्सलच्या मध्यापर्यंत एका बाजूनं माप घेऊन पेनाने खूण करतो आणि तीच काठी दुसऱ्या बाजूला लावतो. दोन्हीकडं सारखं आलं, चेन मधोमध साधारण इंचभर खालीवर होतेय असं दिसलं की मगच नट पूर्ण आवळायचा, आणि आवळल्यावर चाक हाताने परत एकदा फिरवायचं. आता जड झालं तर नळी राहिली, नाहीतर बेअरिंग तिरकं बसलं, नट थोडा सैल करून भागवायचं नाही, चाक परत उघडायचं.

तुम्ही नाशिकमधे पंचवटीतून अंबडला जाता म्हणजे द्वारका आणि हायवे, तिथं बाजूनं ट्रेलर जातात. कारण सापडेपर्यंत दोन दिवस बसने जा, आणि बोट ठेवून टक कुठं लागली ते इथंच लिहा, ॲक्सलजवळ की चिमट्याच्या बोल्टपाशी, मग पुढचं सांगतो.