टोरांटोच्या मेपल लीफ गार्डन्समध्ये अजून आइस हॉकी होते, की तिथे आता फक्त सुपरमार्केट आहे?

होय, तिथे आजही आइस हॉकी खेळली जाते, मात्र बर्फाचे मैदान आता तिसऱ्या मजल्यावर असून तळमजल्यावर लॉबलॉज कंपनीचे सुपरमार्केट आहे. ही वास्तू टोरांटोच्या मेपल लीफ्स या हॉकी संघाचे प्रमुख कॉन स्माइथ यांनी ऐन महामंदीत, १९३१ च्या जून ते नोव्हेंबर या अवघ्या काही महिन्यांत उभी करून घेतली. पैसा अपुरा असल्याने कामगारांनी मजुरीचा काही भाग शेअर्सच्या रूपात स्वीकारला होता. मेपल लीफ्स संघाने इथे असताना ११ वेळा स्टॅनले कप (उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक हॉकी लीग एनएचएलचा विजेतेपदाचा चषक) जिंकला आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये तो नव्या एरिनात गेला. लॉबलॉजने २००४ मध्ये इमारत विकत घेतल्यानंतर पुढे जे नूतनीकरण झाले, त्यात पिवळसर विटांच्या बाह्य भिंती आणि घुमट राखून आतला भाग जवळजवळ पूर्ण रिकामा करण्यात आला व नवे मजले घालण्यात आले. दुकान २०११ मध्ये, तर विद्यापीठाचे (आजचे टोरांटो मेट्रोपॉलिटन) क्रीडासंकुल २०१२ मध्ये सुरू झाले. त्यामुळे खेळाडूंच्या डोक्यावर घुमट जुनाच आहे, पण पायांखालचा बर्फ जुन्या जागेवरचा नाही: मूळ मैदानाचा मध्यबिंदू खाली दुकानात, मांडण्यांमधल्या वाटेत, फरशीवरच्या लाल ठिपक्याने दाखवला आहे आणि त्यावरून लोक सामानाच्या ढकलगाड्या नेतात. शिवाय, पूर्वी १५ हजारांहून अधिक प्रेक्षक मावत. आताची आसने सुमारे अडीच हजारच असल्याने तिथे एनएचएलचे नव्हे, तर मुख्यतः विद्यापीठ संघांचे सामने होतात.