इक्वलायझरला हसवू नका

प्रश्न : आमच्या सोसायटीतल्या विठ्ठल मंदिराच्या सभामंडपात दर एकादशीला भजन असतं. यंदा वर्गणीतून १२ इंची दोन टॉप (मुख्य स्पीकर), मिक्सर आणि ३१ बँडचा, म्हणजे सुरांच्या ३१ पट्ट्यांसाठी एकेक स्लायडर असलेला, ग्राफिक इक्वलायझर घेतला. दुकानदाराने दोन्ही टोकांचे स्लायडर वर आणि मधले खाली असं लावून दिलं. मोबाइलवरचं गाणं झकास वाजतं, पण बुवांचे शब्द कळत नाहीत आणि आवाज जरा वाढवला की शिट्टी बसते. कोणता स्लायडर कुठे ठेवावा?
— एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : आकडे मागितलेत, ते देत नाही. दुसऱ्याच्या मंडपातले आकडे तुमच्या मंडपात चालत नाहीत. पण दुकानदाराने काढून दिलेला तो हसरा चेहरा आधी पुसा, सगळे स्लायडर शून्यावर आणा. कमी आवाजात आपल्या कानाला खालचे आणि वरचे सूर कमी ऐकू येतात, म्हणून दुकानात तो आकार गोड वाटतो. क, च, ट, त ही व्यंजनं ओळखू येतात ती मुख्यतः १ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात. तोच पट्टा खाली ओढल्यावर अभंग कळणार कसा?

आता स्लायडरला हात न लावता टॉप बघा. ते बुवांच्या मागे असतील (बहुतेक मंडळांत असतातच, ‘बुवांनाही ऐकू आलं पाहिजे’ म्हणून) तर माइकच्या पुढे आणा. सतरंजीवर बसलेल्यांच्या डोक्यावरून जातील इतके उंच ठेवा आणि तोंड किंचित खाली, मंडळींकडे करा. मागच्या भिंतीला भजन ऐकवून काय मिळणार? माइक तोंडाजवळ घ्या. अंतर निम्मं केलं की सुमारे ६ डेसिबल फुकट मिळतात. जवळ आणल्यावर आवाज घुमायला लागेल, त्यासाठी मिक्सरवर त्या माइकच्या चॅनेलचं लो कट (खालचे सूर कापणारं) बटण दाबा.

टाळकरी कुठे बसतात? बुवांच्या पाठीशी असतील तर माइकचं तोंड नेमकं त्यांच्याकडेच आहे, आणि टाळांची झणझण बुवांच्याच चॅनेलमधून बाहेर पडते. त्यांना दोन्ही बाजूंना बसवा. बुवांसाठी मॉनिटर (त्यांना ऐकू यावं म्हणून त्यांच्याकडे तोंड केलेला स्पीकर) असेल तर तो माइकच्या पाठीमागे ठेवा. साधा कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणारा) माइक त्या बाजूने बहिरा असतो.

एवढं झाल्यावर इक्वलायझर. मंडप रिकामा, माइक जागेवर उभा, गाणारं कोणी नाही. फेडर (मिक्सरवरची, त्या माइकचा आवाज कमी-जास्त करायची सरकती पट्टी) हळूहळू वर न्या. घुमायला लागलं की थांबा. ‘ऊ’सारखी घूं असेल तर २५० ते ५०० हर्ट्झच्या आसपास शोधा, ‘ई’सारखी किंचाळी असेल तर २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये. फेडर किंचित खाली घ्या आणि संशय असलेला एकेक स्लायडर जेमतेम वर ढकलून बघा. जो ढकलल्याबरोबर ओरडतो, तोच गुन्हेगार. त्याला ३ डेसिबल खाली घ्या, बाकीचे परत शून्यावर, आणि फेडर पुन्हा वर. असं तीन-चार जागी केलं की थांबा. एक स्लायडर ओढला की शेजारच्यांचाही थोडा भाग जातो. दहा ओढलेत तर बुवा डबक्यात बसून गातायत असं वाटेल. आणि वर ढकलायचा मोह आवरा. ३ डेसिबल वाढवणं म्हणजे त्या पट्ट्यात अँप्लिफायरकडून दुप्पट ताकद मागणं, आणि शिट्टीला आमंत्रण.

ग्राफिक हा मंडपासाठी. पखवाजाचा घुमारा, पेटीची किरकिर, बुवांचा घसा, हे सगळं ज्याच्या त्याच्या चॅनेलवर. फरशी आणि पत्र्यामुळे येणारा प्रतिध्वनी मात्र कुठल्याच स्लायडरने जात नाही. त्याला सतरंज्या, जाड पडदे आणि माणसं लागतात. मंडप भरला की वरचे सूर कपड्यांत जिरतात, म्हणून रिकाम्या मंडपात आवाज किंचित टोकदार वाटला तरी चालेल. दुसऱ्या अभंगाला मिक्सर सोडून शेवटच्या खांबापाशी जाऊन ऐका. मी भरत नाट्य मंदिरातही तेच करतो.

प्रश्न : मोबाइलच्या अ‍ॅपवर पिंक नॉइजचा (चाचणीसाठी वाजवतात त्या, सगळे सूर असलेल्या खरखरीचा) आलेख बघून सगळे बँड एका रेषेत आणले तर?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : रेष सरळ येईल, पण त्या एका खुर्चीपुरती. एक टॉप तुमच्यापासून दुसऱ्यापेक्षा १ मीटर जवळ असेल तर त्याचा आवाज सुमारे ३ मिलिसेकंद आधी पोचतो आणि साधारण १७० हर्ट्झला, मग ५०० च्या जरा वर, दोन्ही आवाज एकमेकांना मारतात. खुर्ची हलवलीत की खड्डे दुसरीकडे. ते इक्वलायझरने भरायला गेलात तर बाकीच्यांचे कान फुटतील. शिवाय मोबाइलचा माइक बोलण्यासाठी बनवलेला, खालच्या सुरांबाबत त्याच्यावर विसंबू नका. शिट्टी कोणत्या आकड्याला बसते एवढं वाचायला अ‍ॅप उत्तम आहे. पिंक नॉइज वाजवायचाच असेल तर एका वेळी एकच टॉप चालू ठेवा, चार-पाच जागी मोजा, आणि सगळीकडे दिसेल तोच उंचवटा कापा.